खांद्यावरचं लाल पीस

आमच्या शेजारच्या हमीदाखालाचा पोपट बोलायचा, आणि त्याचं बोलणं मी बंद पाडलं. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला सारा जन्म लागला. बाकीचं सगळं सांगून झालंय. सासूनं पहिल्या वर्षी कसं छळलं, धाकट्याच्या बाळंतपणात मी मरता मरता कशी वाचले, सगळं तिखटमीठ लावून नातवंडांना ऐकवलं. हे मात्र पोटातच राहिलं. इथं इंदिरानगरात आमच्या गॅलरीसमोरच्या तारेवर संध्याकाळी पोपटांचा थवा येऊन बसतो. सून हाक मारते, "आई, या ना, बघा आज किती आलेत!" मी काहीतरी निमित्त काढून देवघरात जाते. तिला वाटतं, म्हातारीला कलकलाट सोसत नाही. वाटू दे.

आमचा मळा गंगापूरच्या वाटेवर, गंगेच्या काठाला होता. गोदावरी म्हणायची आम्हाला सवय नाही, आमची ती गंगाच. अर्ध्या मळ्यात पेरू, अर्ध्यात गावठी गुलाब. आई उठली की जातं सुरू व्हायचं, पाठोपाठ विहिरीवर मोटेची कुरकुर, आणि उजाडताच आम्ही गुलाब तोडायला वाफ्यात शिरायचो. ऊन चढलं की फुलाचा वास उडतो, म्हणून घाई. काट्यांनी बोटं फाटायची, आई म्हणायची, "फुलं पायजेत ना, मंग काटे कुनी घ्यायचे?" न्याहारीला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, आणि हिवाळ्यात गूळ घालून केलेली पेरूची भाजी. ती भाजी आता मी करते तेव्हा तशी होत नाही. सून म्हणते छान झाली, पण मला ठाऊक आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, कलमं बांधण्यात वाकबगार. लांबलांबचे बागाईतदार त्यांना बोलावून न्यायचे. गावठी रोपाच्या खोडाला तिरपा काप घ्यायचा, त्यावर चांगल्या जातीची काडी बसवायची, केळीच्या सोपटानं आवळून बांधायचं आणि वर शेणमातीचा लेप. "मूळ गावठी, वर जात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांच्या पुढ्यात उकिडवी बसून सगळं बघायची. चाकू मागितला की म्हणायचे, "बाईमानसाच्या हातचं कलम धरत नाय, सगू. तू सोपटं भिजव." मला असा राग यायचा! एकदा चोरून तीन कलमं बांधली. तिन्ही वाळली. वाळणारच, कारण धरलं की नाही हे बघायला मी रोज लेप उकलायची. पण आप्पांना वाटलं, आपलंच खरं. ते हसले, आणि ते हसणं माझ्या जिव्हारी लागलं. माझ्या हातानं काहीतरी धरायलाच हवं, असं तेव्हापासून डोक्यात बसलं. चौदावं सरून पंधरावं लागलं होतं. शाळा चौथीनंतर सुटलेली, लग्नाची बोलणी चालू. हातात वेळ फार नाही, हे मला कळत होतं.

पोपट म्हणजे आमचे वैरी. पेरू गाभुळला की थवेच्या थवे उतरायचे. एक पेरू धड खातील तर शपथ! एकाला चोच मारायची की दुसऱ्यावर. मग मी पत्र्याचा डबा बडवत "हाऽऽ हाऽऽ" करत वाफ्यावाफ्यांतून पळायची. अशीच एकदा आंब्याच्या ढोलीतून पडलेलं एक पिल्लू सापडलं, मादी निघाली, ती मी सातूचं पीठ भिजवून चारून वाढवली. तिचं नाव चिमी. गावठी, चणीनं बारीक, चावरी. आई म्हणायची, "वैऱ्याची लेक घरात घेतलीस, बघ हां." चिमी दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नाही. नुसती कर्कश्श ओरडायची.

खालाकडचा सुलतान म्हणजे निराळंच पाखरू. पहाडी पोपट, चिमीच्या दुप्पट, चोच लालभडक, गळ्यात कंठी आणि दोन्ही खांद्यांवर लाल पट्टा. खालाच्या नवऱ्यानं तो उत्तरेकडून आलेल्या कुणा पाखरंवाल्याकडून घेतला होता. खालाचं घर आमच्या मळ्याला लागून, रस्त्याच्या कडेला. आमचा सगळा गुलाब तिच्याकडे जायचा. ती गुलकंद करायची. पाकळ्या निवडून, साखरेचे थर देऊन बरण्या ओट्यावर उन्हात मांडायची आणि फडकं बांधून राखत बसायची. तिच्या घरात शिरलं की गोड, आंबूस, ऊबदार वास यायचा. मी लहानपणापासून तिच्या ओट्यावर वाढले. तिच्या हातचा शिरखुर्मा मी आईच्या पुरणपोळीआधी खाल्ला असेन. नवरा लवकर गेला, मागं एकुलता एक मुलगा, युसुफ. तो नाशिक रोडला मालधक्क्यावर कामाला होता. रोज दिवेलागणीला सायकलवरून यायचा, वळणावर दोनदा शीळ घालायचा आणि दारात ओरडायचा, "अम्मा, दरवाजा खोल, भूक लगी!" दार उघडंच असायचं. तरी ओरडायचा. खाला आतून म्हणायची, "आती रे बेटा, आती."

युसुफ विषमज्वरानं गेला. तीन आठवडे तापानं फणफणला आणि संपला. माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला घर बायकांनी भरलेलं, माझी आईही तिथं, मी तिच्या पदराशी. एकाएकी पडवीतून दोनदा शीळ आली आणि पाठोपाठ युसुफचा आवाज, "अम्मा, दरवाजा खोल, भूक लगी!" बायकांनी किंकाळ्या फोडल्या. एक तर जागीच कोसळली. सुलतान पिंजऱ्यात मान वाकडी करून बसला होता. खाला मात्र शांतपणे उठली, दाराशी गेली, म्हणाली, "आती रे बेटा, आती," आणि कडी न लावलेल्या दाराला हात लावून परत आली.

त्यानंतर रोज हेच. दिवेलागणीला सुलतान शीळ घालायचा, हाक मारायचा, खाला हातातलं काम टाकून उठायची. आधी लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. मग सवय झाली. आमच्याकडे आई तर त्या हाकेवर कंदील लावायची. एकदा मी खालाला सहज म्हटलं, "खाला, सुलतानला एकटं वाटत असेल गं. जोडी आण ना त्याला." ती पाकळ्या निवडत होती, तिचे हात थांबले. "नाही बेटी. तोत्याला जोडी मिळाली की तो माणसाची बोली सोडतो. मग त्याला आपली गरज काय? माझ्या नवऱ्यानं सांगितलेलं. मी त्याला एकटा ठेवलाय, हा माझा गुन्हा आहे. अल्ला विचारेल तेव्हा मी कबूल करीन. पण माझ्या युसुफची हाक राहू दे मला."

हे तिनं मला सांगितलं होतं. स्वच्छ, मराठीत, माझ्या डोळ्यांत बघून. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

संक्रांतीनंतर मालेगावहून निरोप आला. खालाच्या बहिणीची लेक बाळंतपणाला आलेली, जीव नाजूक, घरात दुसरं करणारं कुणी नाही. खालाला जाणं भाग होतं. ती पिंजरा घेऊन आमच्याकडे आली, वरती युसुफचा जुना गमछा टाकलेला. माझ्या हातात पिंजरा देताना तिनं तो लगेच सोडला नाही. "दुसऱ्या कुणाला दिला नसता, सगू. हिरवी मिरची दे, पेरू दे, थंडीत गमछा घाल. आणि संध्याकाळी हाक मारली ना त्यानं, तर उत्तर दे. 'आती रे बेटा' म्हण. नाहीतर तो रुसेल." मी मान डोलावली. मोटार निघाली तेव्हा ती खिडकीतून माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या पिंजऱ्याकडे बघत होती.

पहिले आठ दिवस मी इमानदारीनं उत्तर दिलं. माझ्या तोंडून "आती रे बेटा" ऐकून आई पोट धरून हसायची. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. मळ्यातल्या खोपीत कोंबड्यांचं मोठं खुराडं रिकामं पडलं होतं. मूळ गावठी, वर जात. चिमी चिवट आहे, आपल्याकडच्या हवेत वाढलीये. सुलतान देखणा, बोलका. या दोघांचं पिल्लू कसं होईल? असं पाखरू उभ्या नाशकात कुणाकडे नसेल, आणि ते माझ्या हातचं असेल. एकदा सोडून तर बघू, पटलं नाही तर काढून घेऊ, असं मी मनाशी म्हटलं. आपण स्वतःला किती सफाईनं फसवतो, बाई! खालाचे शब्द मला आठवत होते, पण ते मी म्हातारीच्या समजुतीत जमा केले. पोरींच्या हातचं कलम धरत नाही, हीसुद्धा समजूतच की. एक समजूत खोटी, तर दुसरीही खोटीच असणार, असा माझा हिशोब.

शेवग्याचा पोकळ ओंडका खुराड्यात आडवा टाकला आणि दोघांना सोडलं. पहिले चार दिवस चिमीनं त्याला जवळ येऊ दिलं नाही, अंगठ्याएवढं पीस उपटलं त्याचं. मग एके दुपारी बघते तर सुलतान तिच्यापुढं मान खालीवर करतोय, डोळ्यांच्या बाहुल्या बारीकमोठ्या होतायत, आणि आपल्या चोचीतला पेरू तिच्या चोचीत घालतोय. मी खोपीत आडवी पडून तासन्‌तास ते बघत राहायची. सुलतानच्या हाकेचं सांगायचं तर, आधी त्याची दोनदाची शीळ एकदाच येऊ लागली. मग नुसती शीळ. आणि एका दिवेलागणीला मी खोपीच्या दारात उभी राहिले, उत्तर तयार ठेवून, आणि तो बोललाच नाही. चिमीच्या मानेतली पिसं विंचरत बसला. अंधार पडला. घरून आईची हाक आली, "सगे, आज पोपट वरडला नाय का गं? कंदील लावायचा राहिला माझा!"

आता जे लिहायचं ते लिहून टाकते. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. कलम धरलं, असं मी मनात म्हटलं. त्या संध्याकाळी दोघांना वेगळं केलं असतं तर कदाचित हाक वाचली असती. खाला यायला अजून पुष्कळ दिवस होते, शिकवून बघता आलं असतं. मी काही केलं नाही. मला अंडी हवी होती.

अंडी तीन झाली. आप्पांनी पाहिलं तेव्हा मी घाबरले, पण ते खुराड्यापाशी वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोन जाती वेगळ्या. धरंल का?" मी म्हटलं, "धरेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "पोरीच्या हाताला गुन हाय म्हनायचा," ते म्हणाले, आणि जाता जाता वळले. "खालाला इचारलंस ना?" मी हो म्हटलं. आप्पांनी कौतुकाचं म्हणावं असं मला उभ्या आयुष्यात ते एकच वाक्य बोलून दाखवलं, आणि त्याच्या शेपटाला माझं खोटं बांधलेलं आहे.

एक अंडं वांझ निघालं. दोन पिल्लं झाली. एक चौथ्या दिवशी मेलं. दुसरं जगलं. होळीच्या दोन दिवस आधी निरोप आला की खाला उद्या येतेय. माझी पाचावर धारण बसली. मी सुलतानला खुराड्यातून ओढून काढलं. त्यानं माझा अंगठा फोडला, चिमी आतून जाळीवर आपटत राहिली. त्याला पिंजऱ्यात कोंबलं, वर गमछा टाकला, आणि रात्रभर त्याच्यापुढं "अम्मा, दरवाजा खोल" म्हणत बसले. त्यानं माझ्याकडे पाठ फिरवली होती.

खाला आली ती सामानही न उतरवता थेट आमच्या ओट्यावर. "सुलतान! मेरा राजा!" त्यानं डोळे मिटून घेतले. संध्याकाळी ती पिंजरा मांडीवर घेऊन बसली. दिवेलागण झाली. मी समोरच होते. आई कंदील हातात धरून थांबलेली. सुलताननं मान वर केली, खालाचा चेहरा उजळला, आणि त्याच्या गळ्यातून रानपोपटाची लांब किंकाळी निघाली. मळ्याच्या दिशेनं. मग पुन्हा तीच, पुन्हा तीच. तो कुणाला बोलावतोय ते त्या ओट्यावर फक्त मला कळत होतं. खाला म्हणाली, "काय झालं याला? सगू, काय झालं?" आणि माझ्या तोंडून उत्तर निघालं, तयार असल्यासारखं. "तू गेलीस ना, खाला. तो रुसला. आठ दिवस बोलला, मग बोलेनासा झाला. मी रोज उत्तर देत होते."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! दुसरं कुठलंही खोटं चाललं असतं. आजारी पडला म्हणाले असते, भ्याला म्हणाले असते. मी नेमकं ते खोटं निवडलं ज्यात दोष तिच्यावर जात होता.

तिनं ते खरं मानलं. त्यानंतर रोज संध्याकाळी ती पिंजऱ्यापुढं बसून सुलतानची माफी मागायची. "गलती हुई रे. नाही जाणार आता कुठं. बहिणीची लेक होती रे, जावं लागलं. एकदा बोल. तुझ्या युसुफभाईसारखं एकदा बोल." मिरची पुढं करायची, डाळिंबाचे दाणे सोलून द्यायची. मी तिथंच ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेली असायची. जाणं टाळलं असतं तर तिला संशय आला असता, म्हणून रोज जायची. ती मध्येच माझ्याकडे बघून म्हणायची, "तू तरी किती केलंस गं त्याच्यासाठी." मी शेंगांवरची नजर काढायची नाही. सुलतान किंचाळून किंचाळून थकला आणि मग गप्पच बसला. छातीवरची पिसं स्वतःच उपटायला लागला. तरी मी कबूल केलं नाही. तिच्या ओट्यावरचा माझा हक्क जाईल, याचीच मला भीती होती.

मग मला सुचलं ते निस्तरण्याचं शहाणपण. जगलेलं पिल्लू मी खोपीत वाढवत होते. त्याचं नाव कलम्या. आकारानं चिमी आणि सुलतान यांच्या मधलं, चोच बापाची, आवाज आईचा, आणि दोन्ही खांद्यांवर करंगळीच्या नखाएवढा फिकट लाल ठिपका. त्याला मी युसुफची हाक शिकवायला घेतली. सकाळी एक घटका, दुपारी एक घटका. शीळ घालायला शिकले. आईनं ऐकलं, म्हणाली, "पोरीची जात अन् शिट्ट्या मारती! सासरी नांदशील का?" मी आवाज जाड करायची, युसुफसारखा "भूक" वर जोर द्यायची. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. दिवाळीच्या तोंडावर कलम्या एका संध्याकाळी दोनदा शीळ घालून सगळं वाक्य बोलला. मी खोपीत नाचले. आता खालाला हाक परत मिळेल, आपण सुटलो!

एकच अडचण होती. गावठी पोपटाच्या खांद्यावर लाल नसतं. ते पाहून खालानं ओळखलं असतं. म्हणून देण्याच्या आदल्या दिवशी मी कलम्याला फडक्यात गुंडाळलं आणि ती लाल पिसं एकेक करून उपटली. तो ओरडत होता, त्याला शिकवलेलंच ओरडत होता. "अम्मा, अम्मा." पिसं मी चुलीत टाकली. आई म्हणाली, काय गं जळतंय? मी म्हटलं, काही नाही, केस.

"ढोलीतला आहे, खाला," मी सांगितलं. "खोपीत सुलतानजवळ ठेवला होता तेव्हा त्याचं ऐकून शिकला असेल." खालानं कलम्याला घेतलं. दिवेलागणीला शीळ झाली. ती दचकून उठली, दोन पावलं दाराकडे गेली. "अम्मा, दरवाजा खोल, भूक लगी!" ती थांबली. तिनं मागं वळून पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हाकेला उत्तर दिलं नाही. मला म्हणाली, "घरी जा बेटी, अंधार झाला." मला वाटलं, गहिवरली असेल.

मार्गशीर्षात तिनं मला बोलावून घेतलं. ओट्यावर गुलकंदाच्या बरण्या, तीच जागा, तेच फडकं. कलम्या तिच्या मुठीत होता. तिनं बोटानं त्याच्या खांद्यावरची हिरवी पिसं बाजूला केली. खाली नवी पिसं फुटली होती. लाल. उपटलेलं पीस पुन्हा येतं, हे पोपट पाळणाऱ्या पोरीला कळू नये! खाला म्हणाली, "याचा बाप कोण, सगुणा?" तिनं मला सगुणा कधी म्हटलं नव्हतं. तीच पुढं म्हणाली, "त्याची आवाज ऐकली तेव्हाच कळलं होतं मला. ही तुझी आवाज आहे. युसुफची नाही. माझ्या लेकराची आवाज मला कळणार नाही का? पण म्हटलं, पोरीनं मायेनं शिकवलं असेल. मग हे लाल दिसलं." तिचा सूर चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी नऊ महिने सुलतानची माफी मागत होते. तू तिथं बसून शेंगा सोलत होतीस."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग विचारलं, "ती मादी कुठं आहे?" मी म्हटलं, खोपीत. "आण तिला." मी चिमीला घेऊन आले. खालानं स्वतःच्या हातानं सुलतानचा पिंजरा उघडला आणि चिमीला आत सोडलं. सुलतान दांडीवरून सरकत सरकत तिच्याजवळ आला, आणि त्याचा गळा घरघरला. आता तो कधीच बोलणार नव्हता, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. ती म्हणाली, "एकाचं तरी भलं होऊ दे. आता जा तू."

मी गेले. माफी मागितली नाही. उद्या मागू, परवा मागू, करता करता वैशाख आला आणि माझं लग्न झालं. खालानं आप्पांना काही सांगितलं नाही. गुलाब तिच्याकडे जातच राहिला. लग्नात तिनं गुलकंदाची बरणी पाठवली, मोठी, नेहमीच्या दुप्पट, पण आली नाही. आईनं विचारलं, "खाला का नाय आली गं?" मी म्हटलं, तब्येत बरी नसेल. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ती गेली, ते मला पिंपळगावला सासरी उशिरानं कळलं. पोपटांना तिची बहीण मालेगावला घेऊन गेली म्हणे. पहाडी पोपट पुष्कळ जगतो. कलम्यानं तिथं कुणाच्या दारात किती वर्षं हाका मारल्या असतील, कोण जाणे.

पण त्याआधीची ती दिवाळी. लग्नानंतरची माझी पहिली, मी माहेरी आलेली. आई म्हणाली, "खालाला भेटून ये, तुझी वाट बघत असंल." मी नवं लुगडं नेसून, करंज्यांचं ताट घेऊन गेले. दिवेलागण झाली होती. दार लोटलेलं. मी हात वर केला, दारावर थाप मारणार, तोच आतून दोनदा शीळ आली. आणि माझा आवाज. जाड केलेला, "भूक" वर जोर दिलेला, पंधरा वर्षांच्या पोरीचा आवाज. "अम्मा, दरवाजा खोल, भूक लगी!"

आत चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज झाला. पावलं वाजली. मग खाला म्हणाली, "आती बेटी, आती."

बेटी म्हणाली. रोज तसंच म्हणत असावी.

दाराच्या अलीकडे मी उभी, पलीकडे ती. दार एका बोटानं उघडलं असतं. माझा हात वर गेलेला तसाच राहिला. करंज्यांचं ताट मी ओट्यावर बरण्यांच्या शेजारी ठेवलं आणि पावलांचा आवाज न करता परत आले.

आई दारातच कंदील पुशीत बसली होती. "भेटली का खाला?"

"भेटली," मी म्हटलं, आणि जेवायला बसले.